वाचकांचे प्रश्न : जुना ट्रक, घरची शेड आणि रंगाची गन

या वेळच्या टपालात जुन्या वाहनांच्या रंगकामाविषयीची पत्रे इतकी आली आहेत की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. एका वाचकाचे पत्र बरेच मोठे असल्यामुळे त्यातले प्रश्न वेगळे काढून आधी घेतले आहेत आणि इतरांच्या शंका त्यानंतर.

प्रश्न : माझ्याकडे साठ वर्षांपूर्वीचा एक लहान मालवाहू ट्रक आहे. इंजिन, ब्रेक आणि वायरिंग पूर्ण झाले असून आता फक्त रंग उरला आहे. मला सुतारकामाचा हात आहे, ब्रशने लोखंडी दारे-खिडक्या रंगवल्या आहेत, पण स्प्रे गन कधी धरलेली नाही. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आणि पत्र्याची शेड आहे. हे काम मला जमेल का?

उत्तर : जमेल, आणि शिकण्यासाठी याहून चांगले वाहन मिळणे कठीण आहे. जुन्या ट्रकची मडगार्ड, दारे, बॉनेट आणि मागचा फाळका हे सगळे बोल्टवर असतात; ते सोडवून एकेक भाग घोडीवर ठेवून रंगवता येतो, चारी बाजूंनी फिरता येते, आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच पुन्हा घासून करता येतो. शिवाय हे कष्टाचे वाहन आहे. कारखान्यातून निघताना त्यावर बहुधा एकाच प्रकारच्या साध्या रंगाचे थर होते आणि आरशासारखी झळाळी त्याच्याकडून कोणी अपेक्षिली नव्हती. प्रदर्शनातल्या मोटारीशी तुलना करून जे हौशी लोक खट्टू होतात, ते मुळात या ट्रकच्या इतिहासात नसलेली गोष्ट शोधत असतात.

मात्र कामाच्या वाटणीबद्दलची आपली कल्पना आधी तपासून पाहावी. पत्रातली सगळी काळजी गन धरण्याविषयी आहे, आणि प्रत्यक्षात गन हातात असते ती फार तर दोन-तीन दिवस. त्याआधीचे कित्येक आठवडे घासणे, पोचे काढणे, पुसणे आणि पुन्हा घासणे यात जातात. रंग पातळ असतो आणि खालचा पत्रा जसा आहे तसाच तो दाखवतो. किंबहुना चकाकीमुळे खालचा दोष अधिकच उठून दिसतो.

कॉम्प्रेसरबद्दल सांगायचे तर, दोन अश्वशक्तीच्या यंत्राकडून मिनिटाला साधारण ६ ते ८ घनफूट हवा मिळते, तर नेहमीच्या एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला बहुधा १० घनफुटांहून अधिक लागते. अशा जोडीत बॉनेटच्या मध्यावर पोहोचेपर्यंत टाकीतला दाब उतरतो, थेंब मोठे पडू लागतात आणि एकाच पत्र्यावर दोन प्रकारचा पृष्ठभाग तयार होतो. यावर उपाय म्हणजे कमी हवा खाणारी एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) जातीची गन घेणे आणि एका वेळी एकच भाग रंगवणे. भाग सुटे करण्याचा फायदा इथेही होतो. केबिनचे छप्पर आणि पाठ मात्र सुटत नाहीत. ती रंगवताना प्रत्येक फेरीआधी टाकी पूर्ण भरू द्यावी.

हवेतल्या पाण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेतली वाफ कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेल्या फिल्टरमधून तशीच पुढे निघून जाते. नळीत हवा गार झाल्यावर तिचे पाणी होते आणि ते गनमधून पत्र्यावर उडते. म्हणून पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरपासून सात-आठ मीटर नळीच्या अंतरावर, गनच्या बाजूला बसवावा आणि टाकीच्या तळाची तोटी रोज उघडून पाणी सोडावे.

गनचा सराव ट्रकवर करू नये. एखादे जुने दार किंवा मोठा पुठ्ठा उभा करून त्यावर आधी नुसते थिनर आणि मग रंग मारून पाहावा. नोझल अस्तरासाठी, म्हणजे रंगाखालच्या प्रायमरसाठी, १.७ ते १.८ मिलिमीटर आणि वरच्या रंगासाठी १.३ ते १.४ मिलिमीटर असे असते. गन पत्र्याला काटकोनात, वीतभर अंतरावर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर धरावी आणि मनगट न वळवता संपूर्ण हात सरकवावा. नवशिक्यांचे मनगट कडेला पोहोचताच वळते, गन पंख्यासारखी फिरते आणि मध्ये ओला, कडेला कोरडा असा पट्टा उमटतो. चाप पत्र्याच्या बाहेर असतानाच दाबावा व पलीकडे गेल्यावर सोडावा, आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवावा. सुतारकामात रंधा जसा फळीच्या बाहेरून चालू होऊन बाहेरच संपतो, तोच हा हात आहे; आपल्याला तो लवकर सापडेल.

प्रश्न : जुना रंग पूर्ण काढून पत्रा उघडा करावा, की घासून त्यावरच नवा द्यावा? काही ठिकाणी फुगवटे आहेत, आणि एका दारावर आधीच्या मालकाने भरपूर पुट्टी भरलेली दिसते.

उत्तर : फुगवटा दिसतो तिथे आत गंज आहे असेच धरावे, तिथे उघड्या पत्र्यापर्यंत जाण्यावाचून गत्यंतर नाही. बाकी ठिकाणी जुना रंग घट्ट असेल तर तो अस्तराइतकाच चांगला आधार असतो आणि केवळ समाधानासाठी तो काढू नये.

पण तो कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवावे लागते. पांढरे फडके थिनरमध्ये भिजवून एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून फडक्याला लागला तर ते लॅकर, म्हणजे केवळ थिनर उडून सुकणारा रंग, आहे. पापुद्रा सुटून सुरकुतला तर हवेत सुकणारे एनॅमल आहे. आणि काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) घातलेला रंग आहे. सुरकुतणाऱ्या रंगावर थेट लॅकर मारल्यास त्यातले तीव्र थिनर खालचा थर उचलून टाकते आणि संपूर्ण दार शिजवलेल्या दुधावरच्या सायीसारखे दिसू लागते. तिथे एकतर जुना रंग काढावा किंवा मध्ये इपॉक्सी अस्तराचा थर द्यावा.

घासण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. त्या काळच्या अस्तरांत शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि पिवळ्या-नारिंगी रंगांत लेड क्रोमेट सर्रास असे. काही जुन्या वाहनांच्या सांध्यांत तर पुट्टीऐवजी शिशाचाच डाग भरलेला सापडतो. असा रंग यंत्राने कोरडा घासला की त्याची धूळ शेडभर, कपड्यांवर आणि त्या कपड्यांबरोबर घरात जाते. जुना रंग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासावा, सूक्ष्म कण अडवणारा मास्क लावावा, कामाचे कपडे शेडमध्येच बदलावेत आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये. आच देऊन रंग काढण्याची पद्धत इथे पूर्णपणे टाळावी.

वाळूच्या माऱ्याने रंग काढून घेण्याचा मोह अनेकांना होतो. चौकट, चाके आणि जाड कंस यांच्यासाठी ती पद्धत उत्तम आहे. परंतु बॉनेट, दार व छप्पर यांच्या रुंद पातळ पत्र्यावर चुकीच्या हाताने मारा झाला तर पत्रा कायमचा वाकतो आणि ती लाट नंतर कोणत्याही पुट्टीने नीट बसत नाही. तिथे तारेचा ब्रश, रंग काढायचे रसायन आणि धीर यांवरच भिस्त ठेवावी. गंजावर फॉस्फोरिक आम्ल लावल्यास ते धुऊन पूर्ण वाळवल्याखेरीज इपॉक्सी देऊ नये, कारण उरलेल्या आम्लावर ते नीट धरत नाही.

आधीच्या मालकाची पुट्टी खरवडून काढावी. रंगारी जिला लांबी म्हणतात ती पुट्टी हा खोलगटपणा झाकण्याचा उपाय नाही. आधी मागून ठोकून पोचा जवळजवळ सपाट करायचा आणि उरलेल्या उणिवेसाठी २ ते ३ मिलिमीटरपर्यंतच थर द्यायचा असा तिचा उपयोग आहे. ती कोरडीच घासावी. पॉलिएस्टर पुट्टीतली शंखजिऱ्याची पूड पाणी शोषते, ते पाणी रंगाखाली अडकते आणि काही महिन्यांनी त्याच जागी फोड येतात. उघड्या पत्र्यावर आधी दोन भागांचे इपॉक्सी अस्तर, ते डब्यावर सांगितलेल्या वेळेत असतानाच त्यावर पुट्टी, मग जाड भरणीचे अस्तर, हा क्रम मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

आता ज्या टप्प्यावर हौशी आणि कसलेला यांच्यातला फरक दिसतो, तिथे थोडे थांबू. भरणीचे अस्तर वाळले की त्यावर काळ्या रंगाच्या डब्याने अगदी विरळ, मिरपूड भुरभुरावी तसा फवारा मारावा. मग ३२० क्रमांकाचा पेपर हातभर लांबीच्या सपाट लाकडी ठोकळ्यावर ताणून तिरक्या फुलीच्या दिशेने घासायला लागावे. उंच जागेवरचे काळे ठिपके पहिल्या चार-पाच हातांतच नाहीसे होतात. खोल जागेवरचे तसेच राहतात. दाराच्या मधोमध तळहाताएवढे काळे बेट उरते आणि बोटांनी चाचपून जो खळगा कधी कळला नसता तो डोळ्यांपुढे येतो. या वेळी बोटाखाली पेपर धरून तेवढेच बेट घासून काढण्याची तीव्र इच्छा होते, आणि तसे करणे म्हणजे खळगा आणखी खोल करणे. पुन्हा अस्तर मारा, पुन्हा काळा फवारा द्या, पुन्हा ठोकळ्याने घासा. बेट आपोआप नाहीसे होईपर्यंत हा फेरा करायचा. मी पहिल्या वाहनाच्या वेळी कंटाळून दुसऱ्या फेरीलाच थांबलो होतो; तिरप्या उन्हात त्या दारावरची लाट आजही दिसते. शेवटचा हात ४०० ते ६०० क्रमांकाच्या पेपरने द्यावा.

प्रश्न : रंगाच्या दुकानात लॅकर, सिंथेटिक एनॅमल आणि दोन भागांचा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) अशी तीन नावे सांगितली. मूळचा रंग मळकट हिरवा होता. मी कोणता घ्यावा?

उत्तर : पहिला निर्णय आपण नकळत घेऊनच टाकला आहे आणि तो योग्य आहे : मूळचा सपाट रंग. चांदीची छटा असलेले मेटॅलिक रंग या कामात नवशिक्याने घेऊ नयेत. त्यातले ॲल्युमिनियमचे कण गनच्या अंतरावर, दाबावर आणि भाग उभा आहे की आडवा यावर वेगवेगळे बसतात, त्यामुळे सुटे रंगवलेले मडगार्ड आणि दार जोडल्यावर दोन वाहनांचे वाटतात. सपाट हिरव्याला ही अडचण नाही. वर वेगळा पारदर्शक थर लागत नाही हाही लाभच.

लॅकर म्हणजे ज्याला आपल्याकडे अजूनही सर्रास ‘ड्युको’ म्हणतात ते. हे नाव ड्युपाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे. १९२४ च्या सुमारास ते मोटारींवर वापरात आले आणि त्याआधी ब्रशने वॉर्निशचे थर देत, प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहत जे काम आठवडेच्या आठवडे चाले ते दिवसांवर आले. लॅकर केवळ थिनर उडून गेल्याने सुकते. म्हणून ते काही मिनिटांत धूळ धरेनासे होते, आणि नवा हात जुन्या थराला थोडे विरघळवून त्यात मिसळतो. ओघळ आला, माशी बसली, तरी दुसऱ्या दिवशी घासून पुढे जाता येते. याची किंमत अशी की थर पातळ असल्याने सहा-आठ हात द्यावे लागतात, गनमधून उतरताना चकाकी मंद असते व पॉलिश केल्याशिवाय खुलत नाही, आणि पेट्रोलचा ओघळ किंवा दगडाचा टवका ते सोसत नाही. शिवाय उत्साहाच्या भरात जाड थर दिले की काही वर्षांनी त्यावर बारीक तडे जातात.

सिंथेटिक एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकते. दोन हातांत भरपूर अंग येते आणि चकाकी तशीच मिळते. तुमच्या ट्रकच्या वयाला आणि स्वभावाला ते शोभूनही दिसते. पण ते तासन्तास ओले राहते, शेडमधले प्रत्येक कुसळ त्यावर येऊन बसते, आणि डब्यावर दिलेल्या वेळेनंतर अर्धवट सुकलेल्या थरावर दुसरा हात दिला तर खालचा थर सुरकुततो. पॉलिशसाठीही कित्येक आठवडे थांबावे लागते.

दोन भागांचा पीयू या तिघांत सर्वांत टिकाऊ आहे यात शंका नाही. तरीही मी तो आपल्याला सुचवणार नाही, आणि त्याचे कारण पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. शेड धुळीची व हात नवा असेल तर ट्रकच्या बाहेरच्या अंगाला लॅकर, आणि जिथे माल घासला जातो त्या हौद्याच्या आतल्या बाजूला एनॅमल, अशी विभागणी मी करीन. दोन्हींच्या सीमेवर मात्र सांभाळावे : लॅकर आधी पूर्ण सुकू द्यावे आणि मग एनॅमल, उलटा क्रम करू नये.

प्रश्न : दुकानदार म्हणतो की कोळशाचा मास्क लावला की कोणताही रंग मारता येतो. हे खरे आहे का? (अशाच आशयाची आणखी दोन पत्रे आहेत.)

उत्तर : लॅकर आणि हार्डनर न घातलेले एनॅमल यांच्यासाठी बऱ्याच अंशी खरे आहे, पीयूसाठी नाही.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गाची रसायने असतात. त्यांच्या धुक्यामुळे श्वसनमार्गाला कायमची अतिसंवेदनशीलता येऊ शकते, आणि एकदा ती आली की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येतो. वाहने रंगवणाऱ्यांच्या व्यवसायजन्य दम्याचे हे जुने, ओळखीचे कारण आहे. कोळशाचा मास्क निकामी झाला हे साधारणपणे थिनरचा वास येऊ लागल्यावर कळते. आयसोसायनेटचा वास मात्र घातक पातळी ओलांडून गेल्यावरच येतो, म्हणून नाकावर विसंबता येत नाही. त्यासाठी बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो, आणि त्वचेतूनही ही रसायने शरीरात जाऊ शकत असल्याने संपूर्ण अंग झाकणारा पोशाख व हातमोजे लागतात. ही व्यवस्था असेल तर पीयू मारावा, नसेल तर मारू नये. यात मधला मार्ग सांगणे मला शक्य नाही. एनॅमल लवकर कडक व्हावे म्हणून वेगळ्या बाटलीत जे हार्डनर मिळते त्यातही बहुधा आयसोसायनेटच असते, त्यामुळे साध्या रंगात ते ओतले की तो रंग या दृष्टीने साधा राहत नाही. डब्यावरचा धोक्याचा मजकूर वाचावा.

कोळशाच्या मास्कचेही नियम आहेत. त्यावर कण अडवणारी जाळी असावी; दाढी असल्यास तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही; आणि कोळसा उघड्यावर ठेवला तरी वाफा शोषतच राहतो, म्हणून काम संपताच हवाबंद पिशवीत ठेवावा. इपॉक्सी अस्तरात आयसोसायनेट नसते, पण त्याने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे तिथेही हवेतच.

फुप्फुसांइतकाच आगीचा विचार करावा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूरवर जाते आणि शेडला लागून असलेल्या खोलीतल्या गॅस गीझरची ज्योत तिला पुरेशी होते. ज्योती विझवाव्यात, बटणे आधीच चालू-बंद करून ठेवावीत, आणि वाफा ओढणारा पंखा ठिणगी न पाडणाऱ्या जातीचा नसेल तर तो बाहेर जाणाऱ्या वाफेच्या मार्गात लावू नये. त्याऐवजी स्वच्छ हवा आत ढकलायला वापरावा. जमिनीवर पाणी शिंपडल्याने धूळ बसते आणि स्थिर वीजही कमी साचते. एनॅमलने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती सुकताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत. शेजारच्यांच्या मोटारींनाही आधी हलवायला सांगावे. लॅकरचे धुके हवेतच सुकून भुकटी होते, एनॅमलचे मात्र ओलेच दूर जाऊन काचेवर चिकटते.

प्रश्न : बॉनेटवर रंगाचा पहिला हात चांगला बसला, पण दुसऱ्या हाताला वाटाण्याएवढी गोल भोके पडली. रंग तिथून जणू मागे सरकतो. मी जाड हात देऊन ती भरायचा प्रयत्न केला तर ओघळ आले. काय चुकले?

उत्तर : याला माशाचे डोळे म्हणतात आणि कारण जवळजवळ नेहमी सिलिकॉन असते. त्याचा अतिसूक्ष्म अंश पृष्ठभागावर असला तरी रंग तिथे पसरायला नकार देतो, मग वरून कितीही ओतला तरी भोक भरत नाही आणि खालचा रंग मात्र घसरतो. पहिला हात नीट बसला होता, त्या अर्थी दोष बहुधा मधल्या वेळात आला असावा : हाताचा स्पर्श, नळीतून आलेले कॉम्प्रेसरचे तेल, किंवा शेडमध्ये कोणी मारलेला पॉलिशचा फवारा. माझ्या बाबतीत दोन दिवसांपूर्वी त्याच शेडमध्ये टायरना लावलेले चकाकीचे द्रव्य कारणीभूत निघाले, आणि ते शोधून काढायला मला दोन बॉनेटएवढा रंग खर्चावा लागला.

आता थांबावे. रंग पूर्ण कडक होऊ द्यावा, भोकांच्या कडा सपाट होईपर्यंत घासावे आणि मेण-ग्रीस काढण्याच्या द्रावणाने पुसावे. पुसण्याची रीत महत्त्वाची आहे : एका फडक्याने ओले करायचे आणि द्रावण उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचे, नाहीतर विरघळलेले सिलिकॉन पुन्हा तिथेच बसते. हे पुसणे मुळात घासण्याच्या आधीही करायला हवे असते, कारण पेपर तेच तेल ओरखड्यांत खोल दाबून बसवतो. मग पहिले दोन हात अगदी विरळ द्यावेत. दुकानात या दोषावर थेंब थेंब घालायचे औषध मिळते, पण ते स्वतःच सिलिकॉन आहे. एकदा गनमध्ये गेले की पुढचा प्रत्येक हात त्याच्याशिवाय बसत नाही.

याच वाचकांनी शेवटी पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो असेही लिहिले आहे. रंग फार घट्ट, दाब कमी, गन लांब किंवा उष्ण दिवशी जलद उडणारे थिनर, यांपैकी एक कारण असते. पहिल्यांदा घट्टपणा मोजावा. तळाला भोक असलेला मोजमापाचा पेला भरून तो रिकामा व्हायला किती सेकंद लागतात हे डब्यावरच्या आकड्याशी ताडून पाहणे हा त्याचा सोपा मार्ग आहे.

प्रश्न : पावसाळी हवेत मारलेले लॅकर दुधाळ पांढरे झाले. खरेदी फसली का?

उत्तर : रंगात दोष नाही. थिनर वेगाने उडताना पत्रा गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर दवासारखी बसते. कोरड्या दिवशी वरून हळू उडणाऱ्या थिनरचा विरळ हात दिला तर बहुतेक वेळा दुधाळपणा निघून जातो. पुढे पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते त्या तापमानापेक्षा, निदान ३ अंश सेल्सियस अधिक असेल तेव्हाच काम काढावे.

प्रश्न : गन न वापरता ब्रशने किंवा रोलरने ट्रक रंगवणे हास्यास्पद दिसेल का?

उत्तर : मुळीच नाही. एनॅमल, चांगला मऊ ब्रश आणि सावलीतली गार वेळ असेल तर जुन्या मालवाहू गाडीवर ते शोभते. लॅकर मात्र ब्रशने देऊ नये; दुसऱ्या फटक्याला खालचा थर उचलला जातो.

प्रश्न : काम झाले, पण दारावर एक लांब ओघळ राहिला आहे. तो कसा काढावा, आणि पॉलिश व मेण केव्हा लावावे?

उत्तर : ओघळाच्या आत रंग बाहेरून वाटतो त्यापेक्षा बराच काळ मऊ असतो, म्हणून लॅकरला निदान दोन आठवडे आणि एनॅमलला त्याहून बरेच अधिक द्यावे. नखाने दाबून खूण उठत नाही असे झाल्यावर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून शेजारचा रंग झाकावा आणि लहान कडक ठोकळ्यावर १००० क्रमांकाचा पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त ओघळाच्या माथ्यावर चालवावा. पट्टीला पेपर टेकू लागला की ती काढून १५०० व मग २००० क्रमांकाचा पेपर घ्यावा आणि शेवटी कंपाउंडने चकाकी आणावी. कडा आणि पत्र्याची घडी यांवर रंग सर्वांत पातळ असतो. तिथे यंत्राची गादी क्षणभरही टेकवू नये, हातानेच पुसावे.

मेण लगेच लावू नये, कारण ते उरलेले थिनर आत कोंडते. दोन-तीन महिने नुसत्या पाण्याने धुवावे. उरलेला रंग मोठ्या डब्यात अर्धा न ठेवता लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करावा, आणि वर छटेचा क्रमांक, थिनरचे प्रमाण व तारीख लिहून ठेवावी. फाळक्याच्या वरच्या कडेचा पहिला टवका बहुधा भाग परत जोडतानाच उडतो.